त्या भाद्रपदातली कात्री

भाद्रपदात आमच्या घरात काही वाळत नाही. दोरीवरचे टॉवेल तीन-तीन दिवस तसेच लटकत असतात, उशांच्या अभ्र्यांना दमट वास धरतो, मीठ चमच्याला चिकटून येतं. पाऊस जोराचा नसतो, उगाच पडत असतो. मधेच थांबतो, ऊन पडतं, त्या उन्हात बदलापुरातल्या आमच्या बेलवलीतले रस्ते वाफाळतात आणि माश्या येतात. ओट्यावर, खिडकीच्या गजांवर, देवापुढच्या केळ्यांवर. या दिवसांत मी फडकं हातात घेऊनच घरात वावरते.

आणि शेरू वाळत नाही. शेरू आमचा कुत्रा, ल्हासा जातीचा, अकरा वर्षांचा. नाव वाघाचं आणि जीव उशीएवढा. अंगभर केस. आंघोळ घालून दोन टॉवेलांनी पुसला, ड्रायर फिरवला, तरी कानांमागचे आणि काखेतले केस दुपारपर्यंत ओलसरच. म्हणून मी त्याला मागच्या बाल्कनीत पाटावर बसवते, चष्मा लावते आणि बोटांनी केस दुभागून एकेक जागा बघत जाते. कानाच्या आत, कानामागे, गळ्याखाली, पंजांच्या खाचांत. बघून झालं की नाक खाली नेऊन वास घेते. शेजारच्या फ्लॅटमधल्या मुलीनं एकदा हे पाहिलं. म्हणाली, "काकू, तो तुम्हाला हुंगतो की तुम्ही त्याला?" मी हसले. तिला काय सांगणार.

माझी धाकटी जाऊ चिखलोलीच्या एका नव्या कॉम्प्लेक्समधे राहते. ती दर खेपेला म्हणते, "ताई, आता गाडी येते दारात. गाडीतच टब, गाडीतच ड्रायर. आमच्याकडे सगळे तीच बोलावतात. तुम्ही कशाला कंबर मोडून घेताय?" कंबर दुखते हे खरं आहे. पण शेरूच्या अंगाला घरच्या माणसाशिवाय कोणी हात लावायचा नाही, असं या घरात एकदा ठरलं होतं. ते ठरवलं ह्यांनी. पाळतेय मी, आणि माझं कारण वेगळं आहे.

ह्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, सगळी नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत गेली. केमिकलची कंपनी. शिफ्टमधे लागले आणि प्रॉडक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाले. घरी आले की शर्टाला एक आंबूस वास असायचा, दोनदा धुतला तरी न जाणारा. बोलणं जेवढ्यास तेवढं. मीठ कमी आहे, लाइटचं बिल आलं का, मृणालचा फोन होता का.

मृणाल आमची मुलगी. शेरूला घरात आणलं तिनं. कॉलेजात होती, मैत्रिणीकडून पिल्लू घेऊन आली, आणि तीन वर्षांत नोकरीसाठी बंगळुरूला निघून गेली. लग्नही तिकडेच झालं. शेरू आम्हाला राहिला.

त्याचे केस कापायला तेव्हा आम्ही उल्हासनगरला जायचो, कॅम्पातल्या एका पार्लरमधे. पार्लरवाली बाई सिंधी, बोलायला गोड. "अंकल, आप आराम से चाय पियो, एक घंटे में बच्चा रेडी." एकदा ह्यांची छत्री आत राहिली म्हणून हे मधेच परत गेले. शेरू टेबलावर उभा होता. गळ्यातला पट्टा वरच्या दांडीला बांधलेला, तोंडाला जाळी, मागचे पाय लटपटत होते आणि टेबलावर त्यानं केलेलं होतं. बाईचा त्यात काही दोष नव्हता. अनोळखी जनावराला बांधल्याशिवाय कात्री कशी लावणार? पण ह्यांनी पट्टा सोडला, शेरूला छातीशी धरलं आणि तसाच घरी आणला. डाव्या बाजूला केस नव्हते, उजव्या बाजूला होते. मी दारातच विचारलं, हे काय? म्हणाले, "आपला कुत्रा आपण करायचा. उद्यापासून."

आणि केलं. कंपनीतल्या माणसाला शोभेल असं केलं. मोबाइलवर बघून बघून एका वहीत पायऱ्या लिहून काढल्या. आधी कोरडा कंगवा, मग आंघोळ. ओल्या केसांतली गाठ कधी ओढायची नाही. कात्री आणि कातडी यांच्या मधे कायम कंगवा धरायचा. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या. बोथट टोकांची कात्री आणली, ट्रिमर आणला, नखांचा कटर आणला. मृणालच्या वेण्या मी घातल्या, उवा मी काढल्या, आजारपणात डोकं मी धुतलं. ह्यांनी त्या मुलीच्या केसांना कधी कंगवा लावल्याचं मला आठवत नाही. तोच माणूस रविवारी सकाळी बाल्कनीत मांडी घालून बसायचा आणि तासन्‌तास एका कुत्र्याच्या जटा सोडवायचा. एक केसही न ओढता.

आणि बोलायचा. त्याचं मला सगळ्यात नवल वाटायचं. मी आत कणीक मळत असायचे आणि बाल्कनीतून आवाज यायचा. "त्या दिवशी रिअॅक्टरचं प्रेशर चढत गेलं, शेरू. कोणी जवळ जाईना. व्हॉल्व्ह मी फिरवला. घरी सांगितलं नाही, ही घाबरली असती." कोणत्या साली कोणता साहेब कसा वागला, बदलीचा अर्ज कसा फाडून टाकला, मृणाल तापानं फणफणली होती त्या रात्रपाळीत ह्यांचं लक्ष कसं लागत नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि माझा नवरा मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून कळला. मी कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून गॅस बारीक करून ठेवायचे.

निवृत्त झाल्यावर दीडएक वर्षांनी चहाचा कप बशीवर वाजायला लागला. आधी वाटलं, थंडी. मग वाटलं, वय. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत राहायचा, जणू काही चिमटीत धरून मळतायत. डॉक्टरांनी ह्यांना चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली, एक ओळ लिहायला सांगितली. ओळ शेवटाकडे बारीक होत गेली, मुंगीएवढी. पार्किन्सन्स, म्हणाले. गोळ्या आयुष्यभर. बरा होणार नाही, सांभाळता येईल.

घरी येताना रिक्षात हे म्हणाले, "काम करताना हात थांबतो, लक्षात आलं का तुझ्या? नुसता असला की हलतो. कात्री धरली की थांबतो."

ते खरं होतं. सुरुवातीला खरंच तसं होतं. मांडीवर पडलेला हात थरथरायचा, आणि त्याच हातात कात्री आली की एकदम शहाण्यासारखा स्थिर व्हायचा. हे मला मुद्दाम दाखवायचे. "बघ." मी बघायचे आणि मलाही बरं वाटायचं. पण पुढच्या वर्षी तो थांबायला वेळ लावू लागला. बोटं ताठरली. कात्री मिटायची, पण वेळेवर उघडायची नाही. हे गोळीची वेळ साधून बसायचे, घेतल्यावर तासाभरानं, तेव्हा हात जरा मोकळा असायचा. मी एकदा म्हटलं, "आता पार्लरला नेऊ या का? नाहीतर मी करते."

"अजून मी आहे," हे म्हणाले.

त्यानंतर केस कापताना बाल्कनीचं दार ओढून घ्यायला लागले. आवाज बंद झाला. शेरूशी बोलत होते की नाही, मला माहीत नाही.

त्या वर्षी भाद्रपद असाच होता, चिकट. गणपतीच्या आधीचा रविवार. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती, आणि पाहुणे पुष्कळ. हे म्हणाले, "माणसं येतील, शेरू जरा नीट दिसायला हवा." मी करंज्यांच्या सारणाला बसले होते. दार बंद झालं. थोड्या वेळानं शेरूचा एक आवाज आला, भुंकणं नाही, रडणं नाही, मधलंच काहीतरी. मी बसल्या जागेवरून विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही. गाठ होती."

मी सारण ढवळत राहिले. खोबरं करपलं असतं. उठून चार पावलं जायला मला काही अडचण नव्हती, हे मी आजही स्वतःला सांगते.

बाहेर आला तेव्हा शेरूचे केस अर्धवटच कापलेले होते. उरलेलं उद्या करतो, म्हणाले. आणि मग मला म्हणाले, "त्याला दोन-चार दिवस कंगवा लावू नकोस. सर्दी झाल्यासारखी वाटतेय." त्या दिवसापासून शेरूचं खाणं हेच द्यायला लागले. ह्यांच्या बोटांची टोकं मला पिवळी दिसली. घरात नैवेद्याची गडबड, हळद सगळीकडेच होती. मी विचारलं नाही.

गणपती आले. मखर, आरास, फुलं, उदबत्त्या, मोदकांची वाफ. शेरू दिवाणाखाली जाऊन बसला, बाहेर येईना. झांजांना भितो, असं मी पाहुण्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून हॉलमधे एक वास यायला लागला. गोडसर, सडका. मी म्हटलं, उंदीर मेला कुठेतरी. देवाच्या घरात हे काय. आरतीच्या आधी मी फ्रिज ओढला, कपाटामागे बघितलं, माळ्यावरचे डबे काढले. हे बॅटरी घेऊन माझ्यामागे. मी म्हणेन तिथे उजेड धरत होते. उजेड भिंतीवर हलत होता. मी म्हटलं, "नीट धरा ना." आम्ही दोघांनी मिळून तासभर तो उंदीर शोधला.

त्या संध्याकाळी विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मखराची जागा झाडत होते. पाटाखाली, दिवाणाच्या कडेला, पांढरे दाणे सांडलेले दिसले. अक्षता. मी हातानं गोळा करायला वाकले आणि त्यातला एक दाणा हलला. मग दुसरा. मी तशीच वाकलेली राहिले. दिवाणाखाली शेरूनं मान झटकली आणि आणखी दोन दाणे माझ्या हाताजवळ येऊन पडले.

त्याला ओढून बाहेर काढला. उजव्या कानामागे केसांचा एक गठ्ठा झाला होता, रक्त आणि हळद वाळून कडक झालेला. तो उचलला. खाली काय होतं ते मी लिहिणार नाही. जिवंत जनावराच्या अंगात दुसरं काही इतकं जिवंत असू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. शेरू ओरडला नाही. माझ्याकडे बघत राहिला फक्त. हे दारात उभे होते. त्यांचा हात कोपरापासून हलत होता.

रिक्षा मिळेपर्यंत पाऊस आला. टॉवेलात गुंडाळलेला शेरू माझ्या मांडीवर, हे शेजारी. बदलापुरातली आमची डॉक्टर तरुण मुलगी, कामाला चोख. तिनं शेरूचं तोंड पट्टीनं बांधलं, मला मान धरायला सांगितलं, ह्यांना पाय. ट्रिमरनं भोवतालचे केस काढले, औषध फवारलं, आणि चिमट्यानं एकेक अळी काढून ट्रेमधे टाकायला लागली. ट्रेमधे टक् टक् असा बारीक आवाज येत होता. दवाखाना एका खोलीचा. बाकावर एक म्हातारे गृहस्थ मांजराची टोपली घेऊन बसले होते, त्यांच्या शेजारी त्यांची सून.

डॉक्टर जखमेकडे बघत म्हणाली, "ही सुरुवात कात्रीनं झालीये. गाठ ओढली, कातडी वर आली आणि गाठीबरोबर कापली गेली. पाच-सहा दिवस झाले असतील. वर माशी बसली. कुठल्या पार्लरला नेलं होतं काका?"

ह्यांनी शेरूचे पाय आणखी घट्ट धरले.

"नाव सांगा ना. मी त्यांच्याशी बोलते. असं झाल्यावर निदान सांगायला नको का त्यांनी?"

हे शेरूच्या पायांकडे बघत होते. आणि मी बोलले. दोन दिवसांचा वास, तो उंदीर, ती बॅटरी, हलणाऱ्या अक्षता, सगळं एकदम वर आलं. "कसलं पार्लर? ह्यांनीच कापलंय. हात बघा ह्यांचा. किती वेळा सांगितलं, ऐकत नाहीत. ह्यांच्या हातात आता काही द्यायची सोय राहिलेली नाही."

मी हे ह्यांना म्हटलं नाही. ह्यांच्याबद्दल म्हटलं, हे समोर उभे असताना, त्या मुलीला. बाकावरचे गृहस्थ टोपलीत बघायला लागले. त्यांची सून मात्र ह्यांच्या हाताकडे बघत राहिली. डॉक्टर पटकन म्हणाली, "होतं असं, काकू. घरी पुष्कळांचं होतं." ह्यांनी शेरूचे पाय सोडले, हळूच, आणि दोन पावलं मागे झाले. डॉक्टरला वाटलं दमले. तिनं दुसऱ्या कोणाला पाय धरायला बोलावलं.

शेरू वाचला. कानाचा खालचा भाग गेला. सगळे केस काढावे लागले, तेव्हा आत किती बारीक जीव आहे ते दिसलं, गुलाबी कातडीचा, बरगड्या मोजता याव्यात असा. दीड महिना मी रोज दोनदा जखम धुतली, मलम लावलं, गळ्यात प्लास्टिकचा शंकू चढवला. त्याला हे जवळ आले की चालेना. ह्यांची चप्पल वाजली तरी तो शंकूसकट दिवाणाच्या पायाला जाऊन धडकायचा. हे मग लांबून वळसा घालून जायला लागले. आपल्याच घरात, भिंतीच्या कडेनं.

आणि ह्यांनी सोडायला सुरुवात केली. कात्री तर मीच उचलून कपाटात ठेवली होती. पण बाकीचं कोणी काढून घेतलं नव्हतं. भाजी निवडायचे, ते सोडलं. पेपरातलं कोडं सोडवायचे, ते सोडलं. बँकेच्या कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा पेन माझ्याकडे सरकवून म्हणाले, "अंगठ्याचं काही असतं का, विचार." दाढी सोडली. डाळ-भात चमच्यानं खात होते, तो चमचा एक दिवस ताटात ठेवला आणि बसून राहिले. मी भरवला. दुसऱ्या दिवशीही भरवला.

डॉक्टर म्हणतात, आजार असाच वाढतो. कोणाचा हळू, कोणाचा भराभर. ह्यांचा भराभर वाढला. फिजिओथेरपीला येणारी बाई म्हणायची, "वापरायला सांगा हो त्यांना हात. वापरला नाही तर जाईल." मी सांगायचे. हे मान हलवायचे. हात मांडीवर पडून थरथरत असायचा आणि हे त्याच्याकडे असे बघायचे, जसा दुसऱ्या कोणाचा तरी हात आहे.

नवरात्रातली एक दुपार आठवते. पाऊस गेला होता, कडक ऊन, शेरूच्या अंगावर गहू उगवावेत तसे बारीक केस यायला लागले होते. मी बाल्कनीत त्याच्या कानाला मलम लावत होते. हे आत खुर्चीवर, दाराच्या अलीकडे. आपणहून बोलले. आवाज तोवर बारीक झाला होता, मला कान द्यावा लागला.

"रक्त आलं तेव्हाच मला कळलं."

मी बोट थांबवलं.

"पुसलं. हळद लावली. थांबलंही. वाटलं, भरून येईल. तुला सांगितलं असतं तर तू कात्री घेतली असतीस."

"घेतली असती," मी म्हटलं.

"हो ना."

जरा वेळानं मी विचारलं, "आणि आपण उंदीर शोधत होतो तेव्हा?"

"तेव्हा कळलं होतं. बघायचं धाडस झालं नाही. वाटलं, खरंच उंदीर सापडला तर बरं होईल."

तेव्हा मी म्हणायला हवं होतं. शब्द तोंडात आले होते, दवाखान्यात मी बोलले ते चुकलं. पण माझ्या हाताला मलम होतं, शेरू निसटायला बघत होता, आणि मनात अजून राग होता. तो कमी झाला होता, पण गेला नव्हता. मी म्हटलं, "चहा ठेवू का?" हे म्हणाले, "ठेव." एवढंच झालं त्या दुपारचं. पुढे तसे शब्द पुन्हा कधी आपणहून तोंडाशी आले नाहीत. ते आणायला गेले की औषधाची वेळ व्हायची, मृणालचा फोन यायचा, दूधवाला यायचा. आपण दुसऱ्याला दुखावतो ते एका क्षणात, आणि ते दुरुस्त करायला मात्र आपल्याला निवांत वेळ हवा असतो. तो कोणाच्या घरात असतो?

शेरूचे केस कापायला मी शिकले. ह्यांची वही काढून, चष्मा लावून, एकेक पायरी वाचत. पहिले सहा महिने तो माझ्याही हाताखाली थरथर कापायचा. कात्री नुसती वाजली की लघवी करायचा. पार्लरला द्यायचा विचार तेव्हा फार वेळा आला. दिला असता तर घरात कात्रीचा विषयच राहिला नसता, हेही मनात यायचं. पण मला वाटायचं, ह्यांनी सुरू केलेलं काम मी बाहेर दिलं, तर दवाखान्यातलं ते वाक्य मी दुसऱ्यांदा बोलल्यासारखं होईल. म्हणून करत राहिले. कापताना दार उघडं ठेवायचे. खुर्ची दाराजवळ आणून ठेवायचे. हे बसायचे, बघायचे. कधी पुटपुटायचे, "कंगवा मधे." मी कंगवा मधे धरायचे.

गेल्या वर्षी एकदा मी धीर केला. शेरू झोपाळलेला होता, केस मोकळे, कुठे गाठ नाही. त्याला उचलून ह्यांच्या पायाशी बसवला. ह्यांच्या हातात कंगवा दिला, बोटं मिटून घेतली आणि वरून माझा हात ठेवला. "दोनच हात फिरवा," म्हटलं. पाठीवरून एकदा कंगवा गेला. थरथरत गेला, पण गेला. दुसऱ्यांदा उचलला आणि शेरू उठला. गुरगुरला नाही, पळाला नाही. उठून चालत दुसऱ्या खोलीत गेला आणि तिथे जाऊन बसला. माझ्या हाताखाली ह्यांचा हात तसाच हलत होता.

"त्याचं बरोबर आहे," हे म्हणाले.

आता हे आतल्या खोलीतच असतात. उठवून बसवावं लागतं. बोलणं पुष्कळदा कळत नाही, ओठांकडे बघावं लागतं. कधी कधी कंपनीतल्या माणसांना हाका मारतात, कोणत्यातरी शिफ्टच्या. मृणाल येते, आठ दिवस राहते, जाताना जिन्यात रडते. दिवसभराचं काम माझं. सकाळी ह्यांचं तोंड, आंघोळ, कपडे. दुपारी शेरूचा कंगवा. एका अंगावरून दुसऱ्या अंगावर माझे हात फिरत असतात. कधी मनात येतं, मला आता दुसरं काही येतच नाही.

परवा आठवड्याची दाढी करत होते. न्हावी घरी यायला तयार आहे, पण ह्यांना त्याच्या वस्तऱ्याची भीती वाटते, तोंड फिरवतात. म्हणून मीच करते. खिडकीतून पांढरा उजेड येत होता, बाहेर तो उगाच पडणारा पाऊस. गालांना साबण लावला. एक गाल झाला. दुसऱ्या गालावर ब्लेड ठेवलं आणि कसं कोण जाणे, काही ठरवलं नव्हतं, म्हणून गेले.

"दवाखान्यात मी तसं बोलायला नको होतं."

हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, कळलं नाही. कुठला दवाखाना, कुठलं बोलणं. इतके दवाखाने झाले. मी ब्लेड पाण्यात बुडवलं, झटकलं. तेवढ्यात ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"खरं होतं ते."

"खरं असलं म्हणून काय झालं?" मी म्हटलं. "चारचौघांत बोलायचं नव्हतं."

माफ केलं असं हे म्हणाले नाहीत, राहू दे असंही नाही. पांघरुणावर हात आपल्या लयीत हलत होता. मी तिथेच उभी होते, ब्लेड हातात, गालावरचा साबण वाळत चालला होता. मग ह्यांनी डोळे मिटले, आणि गळ्याखालचं मला नीट करता यावं म्हणून हनुवटी हळूहळू, जेवढी जाईल तेवढी, वर केली.